वाढत जाणारा वारसा

आपल्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका घरी आली की वडीलधारी मंडळी चष्मा पुसून ती उघडतात. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी किंवा शेती, मामाचे कूळ, रक्तगट, मंगळ आहे की नाही, एवढी सगळी माहिती एका चौकटीत दिलेली असते. घरात कोणाला कोणता आजार होता, ही ओळ मात्र त्या चौकटीत नसते. ती तेथे नसावी, असेच माझेही मत आहे. पण ती कोठेच नसावी, हे मला मान्य नाही. ती कोणाजवळ असावी आणि का असावी, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे. त्यासाठी वाचकांना थोडा वेळ जनुकशास्त्राच्या अंगणात यावे लागेल. डॉक्टर बंधुभगिनींनी सोपेपणाबद्दल आणि इतर समाजबांधवांनी काही अवघड शब्दांबद्दल क्षमा करावी.

प्रथम माझीच चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत दापोऱ्याकडील एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. वय पासष्टच्या पुढे. हात थरथरत; बशी ओठांपर्यंत नेईतो अर्धा चहा सांडून जाई. केळीच्या बागेत सरी ओलांडताना तोल जाई. "वयोमान आहे, बाबा," असे म्हणून मी एक गोळी लिहून दिली. पुढे त्यांची थोरली कन्या माहेरपणाला आली असता आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा उशिरा बोलू लागला होता, समोरच्याकडे पाहत नसे, शाळेत मागे पडत होता. मी कानांची तपासणी सुचविली. धाकट्या कन्येची पाळी छत्तिसाव्या वर्षीच थांबली होती. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तीन माणसे, तीन तक्रारी, तीन कागद. तिन्ही कागद माझ्या एकाच टेबलावरून गेले, पण ते एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, असे मला सुचले नाही.

थोरल्या कन्येला सासरी "खोट तुझ्याच पोटी" असे ऐकावे लागत होते, हे मला फार नंतर कळले. या तिन्ही तक्रारी एकाच जनुकातून उद्भवू शकतात, हे तर त्याहूनही उशिरा वाचनात आले. तोवर आजोबा वारले होते आणि कन्येचा संपर्क तुटला होता. त्या घरात खरोखर तोच आजार होता काय, हे मी आज सांगू शकत नाही. कारण मी विचारलेच नाही.

ज्या जनुकाविषयी मी बोलत आहे, त्याचे नाव एफएमआर-१. ते एक्स गुणसूत्रावर असते आणि १९९१ साली त्याचा शोध लागला. त्याच्या आरंभी सी-जी-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांमध्ये ही पुनरावृत्ती ४४ वेळांपर्यंत असते. ५५ ते २०० पर्यंत ती वाढलेली असेल, तर माणूस लहानपणी व तरुणपणी सहसा धडधाकट दिसतो. पण अशा पुरुषांपैकी काहींना पन्नाशीनंतर हातांची थरथर व तोल जाणे सुरू होते, आणि अशा स्त्रियांपैकी सुमारे एक पंचमांश जणींची पाळी चाळिशीपूर्वीच थांबते. पुनरावृत्ती २०० च्या पुढे गेली, की जनुक बंद पडते आणि मुलांमध्ये फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक विकासाचा आजार दिसतो. आजोबा, मावशी आणि नातू अशा तीन पिढ्यांत एकच जनुक तीन वेगवेगळे मुखवटे घालून वावरत असते.

येथे वारशाची दिशा नीट ध्यानात घ्यावी. पिता आपले एक्स गुणसूत्र सर्व मुलींना देतो, मुलग्यांना देत नाही. पित्याकडून मुलीकडे जाताना ही पुनरावृत्ती २०० च्या पुढे जात नाही. ती मोठी झेप घेते ती आईकडून मुलाकडे जाताना. म्हणजे ज्या मातेला दोष दिला जातो, तिला तो वारसा तिच्या वडिलांकडून अथवा आईकडून अजाणता मिळालेला असतो. तिने काही खाल्ले म्हणून, ग्रहणात काही चिरले म्हणून किंवा कोणाची दृष्ट लागली म्हणून हे घडत नाही.

दुपेडी गोफ आणि त्याच्या गाठी

अक्षरांची पुनरावृत्ती वाढते तरी का? याचे उत्तर डीएनएच्या आकारात आहे. पाठ्यपुस्तकातील चित्र आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे असते : उजवीकडे वळत जाणारा दुपेडी गोफ. वॉटसन व क्रिक यांनी तो १९५३ साली मांडला; त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार होता. ए समोर टी, जी समोर सी, अशा जोड्यांच्या पायऱ्या आणि सुमारे साडेदहा पायऱ्यांना एक वळसा. माणसाच्या एका जनुकसंचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या असतात.

पण गोफ सर्वत्र व सर्वकाळ असाच राहतो, असे नाही. १९७९ साली अलेक्झांडर रिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी डावीकडे वळणारा डीएनए स्फटिकरूपात दाखविला. त्यानंतर आणखी आकार समोर आले. एक पेड स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा आकडा होतो. कोठे तिसरा पेड येऊन बसतो आणि गोफ तिपेडी होतो. जी हे अक्षर घोळक्याने आले, तर चार पदरांची घट्ट गाठ बसते. पेशी डीएनएची नक्कल करते किंवा त्यातील मजकूर वाचते, तेव्हा दोन्ही पेड काही काळ सुटे होतात. त्या क्षणी एकच तुकडा पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागी अशा गाठी पडण्याचा संभव अधिक.

या गाठी म्हणजे केवळ विकृती, असेही समजू नये. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांशी असलेल्या पुनरावृत्त मजकुरालाही चौपदरी गाठ बसू शकते. अशा गाठी सोडविणारी विकरे पेशीजवळ असतात आणि बहुतेक वेळा काम निर्वेध चालते. अडचण येते ती गाठ वेळेवर सुटली नाही तर. कधी त्या जागी डीएनए तुटतो. लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात, म्हणजे फॉलिक्युलर लिम्फोमात, १४ व्या व १८ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात. यातील १८ व्या गुणसूत्रावरील तुटण्याची जागा अशीच वेडीवाकडी आकृती धारण करते, हे २००४ साली दाखविण्यात आले. त्या अभ्यासात अग्रभागी असलेले डॉ. सतीश राघवन यांनी हे काम पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चालू ठेवले. कधी मात्र डीएनए तुटत नाही. तो लांबत जातो. आपला विषय या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

दुरुस्ती करणाराच वाढवितो

पेशीत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा अहोरात्र काम करते. या कार्याचा उलगडा केल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिक व अझीझ संजार यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नक्कल करताना चुकीची जोडी बसली किंवा एखादा पेड फुगून राहिला, तर तो ओळखून दुरुस्त करणे, हे मॉड्रिक यांच्या अभ्यासाचे क्षेत्र. या यंत्रणेत एमएसएच-२ व एमएसएच-३ ही प्रथिनांची जोडी फुगवट्यावर पहारा ठेवते.

बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या वाचकांना एक दृष्टांत देतो. समजा, कापडात एका बाजूचा धागा सैल पडून त्याचा फुगवटा आला. रफू करणाऱ्याने तो फुगवटा काढून टाकावा, ही अपेक्षा. पण त्याने फुगवटाच खरा मानला आणि समोरच्या बाजूस तेवढाच नवा धागा भरला, तर कापड सपाट दिसेल, कोणास दोष आढळणार नाही. परंतु ते मूळ मापापेक्षा लांब झालेले असेल. पुढील वेळी त्याच जागी पुन्हा फुगवटा आला, की आणखी लांबी. पुनरावृत्त मजकुराच्या जागी दुरुस्ती करणारी यंत्रणा नेमके असेच वागते. सी-ए-जीचा पेड स्वतःवर दुमडून आकडा तयार होतो, पहारेकरी तो पकडतात, आणि दुरुस्तीच्या नावाखाली तो आकडा कायमचा मजकुरात सामावला जातो. १९९९ साली उंदरांवरील प्रयोगात एमएसएच-२ काढून टाकले असता शरीरातील ही वाढ थांबली. दुरुस्तीच वाढीला कारण ठरते, याचा तो ठळक पुरावा होता.

मग ही यंत्रणाच बंद करावी काय? नाही. एमएसएच-२ जन्मतः सदोष असलेल्या कुटुंबांत लिंच सिंड्रोम आढळतो. मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग तेथे तरुण वयात उद्भवतो. ज्या हाताने पेशीचे रक्षण होते, त्याच हाताने एका विशिष्ट जागी नुकसान होते. त्यामुळे संपूर्ण यंत्रणेला हात न लावता केवळ एमएसएच-३ चा जोर कमी करता येईल काय, या दिशेने आज संशोधन चालू आहे.

ही वाढ केवळ पिढी बदलताना होते असे नव्हे. ती एका माणसाच्या आयुष्यातही होते. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात सी-ए-जीची पुनरावृत्ती ४० किंवा त्याहून अधिक असली, की पुरेशा आयुष्यात आजार प्रकट होतोच. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. ज्या माणसात ती जन्मापासून होती, तो इतकी वर्षे निरोगी कसा राहिला, हे कोडे होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मृत रुग्णांच्या मेंदूतील एकेक पेशी तपासून त्याचे उत्तर मांडले. ठरावीक चेतापेशींमध्ये ही पुनरावृत्ती दशकानुदशके मुकाट्याने वाढत जाते. ती सुमारे १५० च्या पुढे गेल्यावरच त्या पेशीची हानी सुरू होते. घड्याळ जन्मापासून चालू असते, गजर मात्र फार उशिरा होतो.

कुटुंबे खरे बोलत होती

येथे सिकलसेलशी तुलना उपयोगी पडेल. सातपुड्याच्या पट्ट्यात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरास तो आजार परिचित आहे. त्यात एकच अक्षर बदललेले असते आणि आजोबांपासून नातवापर्यंत तो बदल जसाच्या तसा जातो. म्हणून रक्त तपासून कार्ड देता येते. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान याच पायावर उभे आहे. पुनरावृत्तीचे आजार असे स्थिर नसतात. पिढीगणिक अंक बदलतो, आजार लवकर येतो आणि तीव्र होतो. हंटिंग्टनमध्ये ही वाढ पित्याकडून येताना अधिक होते, फ्रॅजाइल एक्समध्ये मातेकडून. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारात आजीला केवळ मोतीबिंदू असतो, आईची मूठ आवळल्यावर लवकर सुटत नाही, आणि बाळ जन्मतःच लुळे असू शकते.

"बापाला साठीत झाले, मुलाला चाळिशीत, नातवाला पंचविशीत" असे अशी कुटुंबे डॉक्टरांना कैक वर्षे सांगत होती. वैद्यकशास्त्राने ते ऐकले, पण मानले नाही. १९४८ साली लायोनेल पेन्रोज या थोर अनुवंशशास्त्रज्ञांनी मायोटोनिक डिस्ट्रॉफीच्या वंशावळी तपासून असे मत दिले की, हा रुग्ण निवडण्याच्या पद्धतीतून होणारा भास आहे. ते मत चाळीसहून अधिक वर्षे टिकले. १९९१-९२ मध्ये फ्रॅजाइल एक्स व मायोटोनिक डिस्ट्रॉफी यांतील पुनरावृत्ती प्रत्यक्ष मोजता आली, तेव्हा कुटुंबांचेच खरे ठरले. आजीच्या तोंडची हकीकत ही वैद्यकीय नोंद असते, हा धडा आपण डॉक्टरांनी त्यातून घ्यावा.

एका समाजाचे उदाहरण

समाजबांधवांना हा विषय दूरचा वाटू नये म्हणून आपल्या देशातील एक उदाहरण देतो. एससीए-१२ नावाचा आजार १९९९ साली जर्मन वंशाच्या एका अमेरिकी कुटुंबात प्रथम वर्णिला गेला. साधारण चाळिशीच्या सुमारास काम करताना हात थरथरू लागतात, पुढे चाल बिघडते. मूळ कारण पाचव्या गुणसूत्रावरील पीपीपी-२आर-२बी जनुकातील सी-ए-जीची वाढ. जगात हा आजार फारच विरळा समजला गेला. पण २००१ पासून दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि आज आयजीआयबी या नावाने ओळखली जाणारी जनुकशास्त्र संस्था यांनी भारतीय रुग्णांत तो दाखवून दिला, आणि त्यांतील बहुतेक कुटुंबे अग्रवाल समाजातील निघाली. जनुकाच्या आसपासच्या खुणा सर्वांमध्ये सारख्या आढळल्या. याचा अर्थ, फार पूर्वी होऊन गेलेल्या एकाच पूर्वजाकडून ही ठेव सर्वांकडे आली.

यात त्या समाजाचा काही दोष आहे काय? मुळीच नाही. व्यापारात, दानधर्मात, शिक्षणात अग्रेसर असलेल्या समाजात एक जुना बदल पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत फिरत राहिला, एवढेच. जो समाज आपसांत विवाह करतो, त्या प्रत्येक समाजास हा नियम लागू आहे; मग तो मारवाडातील असो, खानदेशातील असो वा आपल्या बुऱ्हाणपूर परिसरातील असो. विशेष हे की, ती कुटुंबे पुढे आली, त्यांनी रक्ताचे नमुने दिले, वंशावळी सांगितल्या. म्हणून आज थरथरत्या हातांचा अग्रवाल रुग्ण आला, तर जाणत्या मज्जासंस्थातज्ज्ञाला कोणती चाचणी आधी करावी, हे कळते. मौन पाळले असते, तर आजार तेवढाच राहिला असता आणि ज्ञान मात्र आले नसते.

नात्यातील विवाहांविषयीही दोन शब्द लिहितो. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्या रीतींमधील प्रदेश म्हणून येतो. मामाची मुलगी करण्याची चाल मराठी मुलखातील अनेक समाजांत आहे आणि नर्मदेच्या उत्तरेकडे ती निषिद्ध आहे. आपण त्या सीमेवरच राहतो. हंटिंग्टन, एससीए-१२ यांसारख्या आजारांत आई अथवा वडील यांपैकी एकाकडून आलेली प्रत पुरेशी असते; त्यामुळे नात्यात लग्न केल्याने ते उद्भवतात, असे म्हणणे चुकीचे. परंतु फ्रीड्रिश अटॅक्सिया या आजारात जी-ए-एची पुनरावृत्ती शेकडो वेळांपर्यंत वाढून तेथे तिपेडी गाठ बसते, जनुकाचे वाचन मंदावते, आणि आजार होण्यासाठी दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. अशा आजारांचा धोका नात्यातील विवाहाने निश्चित वाढतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. सरसकट भीती घालणे जसे अयोग्य, तसेच सरसकट दुर्लक्षही.

डॉक्टरांनी काय करावे

माझी डॉक्टर मित्रांना पहिली विनंती अशी की, थरथर, तोल जाणे, स्नायूंचा अशक्तपणा, मुलाचा मंद विकास किंवा अकाली पाळी थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर तीन पिढ्यांचा तक्ता काढावा. कागदावर चौकोन व वर्तुळे, एवढेच साहित्य लागते. दहा मिनिटांचे काम आहे. "घरात कोणाला आहे का?" असा एकच प्रश्न विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी "नाही" असे येते. आजोबांची चाल कशी होती, आजीला मोतीबिंदू कोणत्या वयात झाला, मावशीची पाळी केव्हा गेली, कोणी लहानपणी वारले काय, असे वेगवेगळे विचारावे. आणि शक्यतो ते घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारावे.

दुसरी विनंती चाचणीविषयी. हल्ली "संपूर्ण जनुक तपासणी" करून आणलेले जाडजूड अहवाल रुग्ण दाखवितात आणि त्यावर सर्व ठीक असल्याचा शेरा असतो. त्या नेहमीच्या तपासणीत लहान लहान तुकडे वाचले जातात. लांबलेली पुनरावृत्ती त्यांतून अनेकदा निसटते. जो आजार मनात आहे, त्याची स्वतंत्र पुनरावृत्ती-चाचणी मागवावी लागते. ती मागविली नसेल, तर त्या शेऱ्यावर निर्धास्त राहू नये.

"उपचार नाही, मग निदान कशासाठी?" असा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर असे की, निदानाचा उपयोग उपचारापुरता नसतो. तोल जाण्यामागे ई अथवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा दोष असेल, तर तो सुधारता येतो. फ्रीड्रिश अटॅक्सियासारखाच दिसणारा एक आनुवंशिक आजार तर ई जीवनसत्त्वाने रोखता येतो. फ्रीड्रिशच्या रुग्णाचे हृदय व साखर नियमित तपासली पाहिजे; त्या आजारावर पहिले औषध अमेरिकेत २०२३ साली मान्य झाले. मायोटोनिक डिस्ट्रॉफीच्या रुग्णास भूल देताना विशेष काळजी न घेतल्यास जिवावर बेतू शकते. हृदयाची लय त्यातही बिघडते. फ्रॅजाइल एक्सची वाहक स्त्री ओळखली, तर तिला अपत्याचा विचार वेळेत करता येतो. गर्भजल परीक्षणादी चाचण्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात करण्यास १९९४ चा प्रसवपूर्व निदान कायदा परवानगी देतो. लिंग सांगण्यास देत नाही, हेही सांगणे आपले कर्तव्य. मुंबईचे केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार उत्कृष्टता केंद्र आहे; लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत वैद्यकीय आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग आहे. रुग्णाला तेथवर पोहोचविणे, हे आपल्या चिठ्ठीच्या चार ओळींवर अवलंबून असते.

समाजाने काय करावे, काय करू नये

काही सुशिक्षित मंडळी सुचवितात की, विवाहापूर्वी सर्वांची जनुक चाचणी सक्तीची करावी आणि निकाल परिचय पुस्तिकेत छापावा. हेतू चांगला असला, तरी मी या सूचनेला स्पष्ट विरोध करतो. पुनरावृत्तीचा आकडा म्हणजे माणसाचे भविष्य नव्हे. हंटिंग्टनमध्येच ३६ ते ३९ या मधल्या आकड्यांत काहींना आजार होतो, काहींना होत नाही. असा आकडा छापला गेला, तर कुटुंबावर शिक्का बसेल. त्या घरातील निरोगी मुलीही नाकारल्या जातील. आणि शिक्क्याच्या भीतीने उरलेली कुटुंबे आणखी गप्प बसतील. ज्या मौनाविरुद्ध आपण लढतो आहोत, तेच अधिक घट्ट होईल. नकार नेहमी मुलीच्या वाट्याला अधिक येतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

लहान मुलांबाबतही एक मर्यादा पाळावी. मोठेपणी येणारा आणि आज उपचार नसलेला आजार पुढे होणार काय, हे पाहण्यासाठी निरोगी बालकाची चाचणी करू नये, असा जगभरातील संकेत आहे. ते मूल सज्ञान झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही, हे त्याने ठरवावे. जाणून न घेण्याचाही माणसाला अधिकार आहे. ज्यांना चाचणी करावयाची असेल, त्यांना आधी समुपदेशन मिळावे, आणि निकाल त्यांच्याव्यतिरिक्त कोणास कळू नये.

मग समाजाने करावे काय? आपल्याकडे घराण्याच्या वंशावळी जपण्याची रीत आहे. भाटांच्या वह्यांतून पिढ्यांची नावे निघतात. अशाच एका घरगुती वहीत आजारांचीही नोंद प्रत्येक कुटुंबाने ठेवावी : कोणाला काय झाले, कोणत्या वयात, मृत्यूचे कारण काय. ती वही कपाटात राहावी आणि केवळ डॉक्टरांपुढे उघडावी. विवाह ठरविणाऱ्या समितीने ती मागू नये. विवाहाचा निर्णय घेणाऱ्या मुलामुलीने मात्र ती एकांतात, डॉक्टरांच्या साक्षीने, परस्परांना दाखविण्याचे धैर्य करावे. आपल्या डॉक्टर संघटनेने वर्षातून एक दिवस आनुवंशिक समुपदेशनासाठी राखून ठेवावा. मोफत रक्तदाब तपासणीच्या शिबिराइतकेच ते साधे काम आहे आणि त्यास खर्चही फारसा नाही.

आणि सासरी-माहेरी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना हात जोडून एवढेच सांगावेसे वाटते : ज्या घरी असे मूल जन्माला आले आहे, तेथे मातेला बोल लावू नका. तिच्या पेशींनी एक चूक दुरुस्त करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि त्यातून काही अक्षरे वाढली. यात तिचा अपराध कोठे आहे? पूर्वी अशा घरांना आपण देवाचा कोप म्हणून दूर ठेवीत होतो. आज कारण कळले असूनही त्यांना दूर ठेवणार असू, तर आपले ज्ञान वाढले, पण आपण वाढलो नाही, असेच म्हणावे लागेल.

त्या तीन कागदांची आठवण मला अजूनही होते. आता माझ्या टेबलावर, औषधांच्या चिठ्ठ्यांशेजारी, कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा कायम असतो. थरथरत्या हातांचा माणूस समोर बसला, की मी प्रथम कागद ओढतो, एक चौकोन काढतो आणि विचारतो, "बाबा, तुम्हाला मुली किती? नातवंडे किती? सगळी बरी आहेत ना?"